एकाही नळीत बुडबुडा नाही

ता. जळकोट
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

चि. सुकन्या हिस आबाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. तुझ्या आजीचा गुडघा बरा आहे, म्हशीचा खोकला बरा नाही. तू वेळेवर जेवतेस का? कॉलेजातल्या त्या जळत्या दिव्याजवळ ओढणी सांभाळ. मागेही सांगितलं होतं, पुन्हा सांगतो.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर मी एक बोलायला जातो आणि तू हसलीस की दुसरंच बोलून बसतो. म्हणून चौथी पास अक्षरात लिहितो आहे. शेजारचा शरणप्पा सकाळच्या गाडीने नांदेडला, तुझ्या कॉलेजाकडे, निघाला आहे. त्याच्याजवळ हे पत्र आहे आणि बर्फाचा डबा आहे. डब्याचं पुढे सांगतो.

काल सरपंच व्यंकटराव मला सगळ्यांसमोर म्हणाले, "ग्यानोबा, नातीनं गावाचं नाव काढलं की! तिचा पाणी तपासल्याचा कागद काचंत घालून ग्रामपंचायतीत लावू." छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

संक्रांतीला तू स्पिरिटचा बोळा पेटवून नळाची तोटी भाजलीस, तेव्हा बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. "नळाची दिष्ट काढायलीस का गं?" तू चिडली नाहीस. तोटीवरचे जंतू बाटलीत गेले तर टाकीवर उगाच आळ येईल, असं त्यांना समजावून सांगितलंस. हसणाऱ्याच मग पुढे सरकून बघू लागल्या. मला वाटलं, हिच्या बापाला मी उगाच म्हणालो होतो की पोरीला लांब शिकायला ठेवू नको.

तुझ्या कॉलेजात आलो होतो तेव्हा जंतू मोठे करून दाखवणाऱ्या त्या यंत्राला डोळा लावला तर आधी माझी पापणीच दिसली. मग तू काहीतरी फिरवलंस आणि जांभळ्या काड्या दिसल्या. दह्यातले जंतू, म्हणालीस. सगळे जंतू वैरी नसतात. ते मी गावात किती जणांना सांगितलं असेल!

तर पाण्याचं. बाटली कशी भरायची ते तू मला शिकवून गेलीस. कुकरसारख्या भांड्यात वाफवलेली, कागदात बांधलेली बाटली. आत बोट लावायचं नाही. मी लावलं नाही. तोटी भाजली, पाणी वाहू दिलं, भरली, बर्फात ठेवून पाठवली. दोन दिवसांनी तुझा फोन आला, "आबा, एकाही नळीत बुडबुडा नाही! रंगसुद्धा बदलला नाही. म्हणजे पाणी चांगलं!" मी गावभर फिरलो.

परवा शरणप्पाने मोबाइलवर तुझा तक्ता दाखवला. शुक्रवारी लातूरच्या प्रदर्शनात लावणार आहेस तो. वर माझा फोटो, खाली 'चौतीस वर्षे गावाचं पाणी राखणारे माझे आबा'. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

सुकन्या, बाटली भरायच्या आदल्या दिवशी मी टाकीत जंतू मारायची टीसीएल पावडर ठरलेल्या मापाच्या दुप्पट टाकली होती.

एरवी मी अर्धीच टाकतो. दोन वर्षं झाली. वास येतो, चहा बिघडतो, म्हणून लोक मला शिव्या देतात. म्हातारपणी कोण ऐकून घेईल, म्हणून माप कमी केलं. कुणाला बोललो नाही. आणि तू बाटली भरायला सांगितलीस तेव्हा भीती वाटली. माझ्या टाकीतले जंतू माझ्याच नातीने कॉलेजात दाखवायचे? बाटलीसोबतच्या चिठ्ठीवर 'पावडर किती' असं विचारलं होतंस. मी 'नेहमीप्रमाणे' लिहिलं.

काल तुझ्या आजीला सांगितलं. ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "तुमी टाकीत न्हाई, पोरीच्या वहीत पावडर टाकली."

आज सकाळी तू ठेवून गेलेली दुसरी बाटली भरली. पावडर नेहमीची. तोटी भाजताना आजीला शेजारी उभं केलं, म्हणजे माझा हात पावडरीकडे वळणार नाही. बाटली भरून झाल्यावर मात्र टाकीत पूर्ण मापाने पावडर टाकली. शरणप्पा म्हणाला, "आता चहाला वास येतो की ओ." म्हटलं, नाक धरून पी.

ही बाटली आज तपासायला लावलीस तर बुधवारी कळेल. नळ्या पिवळ्या पडल्या, बुडबुडे आले, तर तसंच लिही. तक्त्यावरचा माझा फोटो काढलास तरी चालेल. व्यंकटरावांना मी स्वतः सांगेन. काचेत लावायचंच असेल तर तो नवा कागद लावा म्हणेन. लातूरला विचारतील, आधीचा निकाल वेगळा का? तेव्हा माझं नाव घे, मान खाली घालू नकोस. ज्या पोरीने तोटीवरचा आळ टाकीवर येऊ दिला नाही, तिने माझं खोटं आपल्या अंगावर घेऊ नये.

चिठ्ठीशिवाय बाटलीला किंमत नाही, असं तू म्हणाली होतीस. ती डब्यात आहे. भिजली तर असावी म्हणून इथेही लिहितो.

ठिकाण : गावची टाकी, पहिला नळ.
वेळ : सकाळी सहा चाळीस.
पावडर : अर्धी.
भरणारा : ग्यानोबा, तुझा आबा.