कबरीची पिसं

१४ डिसें.
पिल्लं मोठे झाले. आठही जगले. कोंबडी पल्लवीची, लग्न होऊन गेली तवा माह्याकडं बटाईनं ठेवून गेलती. पिल्लं अर्धे तिचे, अर्धे माहे. नर-मादी ओळखू आले की वाटा, आन पहिली निवड मालकिणीची. म्हनजे तिले यावंच लागते. फोनवर म्हन्ली, "पिसं फुटू दे आई, येतो."

२३ डिसें.
शेजारच्या रशीदा भाबीनं एकेक उचलून पाह्यलं. "पीठ भर गई वो मुर्गी, नंगी रही वो मुर्गा. अभी थोडा रुको." आठातलं एक कबरं, त्याले मी कबरी म्हनतो; तिची पाठ मले पिसांनी भरल्यावानी वाटली. व्हिडिओ धाडला. पल्लवी म्हन्ली, कबरी माही. म्हन्लं घे, तलंगच हाय, अंडे देईन.

७ जाने.
फसली मी. कबरीच्या मानेवर, शेपटीपाशी टोकदार पिसं आले, उन्हात चमकतात. तलंगांचे गोल टोकाचे, मंद. भाबी हासली, "ये तो मुर्गा है." आता कबरा म्हना लागन, पन तोंडात कबरीच येते.
आठात पाच तलंगा, कबरी धरून तीन कोंबडे, सगळे ओळखू आले. वाटा कराले हरकत नाई. पल्लवीले कळवलं नाई.

१५ जाने.
संक्रांतीले आली नाई. म्हने सासरची तूर कापनं चालू हाय. फुलसावंगी काय परदेशात हाय? रागानं सगळे लाडू भाबीले देऊन टाकले. संध्याकाळी त्यातले चार मागून आनले, पल्लवीसाठी.

२२ जाने.
फोन. "आई, तूच वाटून टाक. माहे चार पुसदच्या गाडीत धाड, हे उतरून घेतील."
म्हन्लं, "अजून ओळखू येत नाई बाई, सगळे सारखेच दिसून राह्यले." पल्लवीचे बाबा चहा पीत होते. माह्याकडं पाह्यलं, मंग कबरीकडं.
वाटून टाकले त मंग ती येईन कायले?

३१ जाने.
सकाळी पुन्हा फोन. "अजून नाई कळत?"
"नाई ना. पिसंच धड आले नाई."
तेवढ्यात कबरी पायरीवर चढली, मान ताणली आन आरवली. जल्मात पहिल्यांदा. घोगरी, अर्धवट, पन आरवली.
म्या फोनवर पदर धरला, पन उशीर झाला.
मंग पल्लवी हळूच म्हन्ली, "कबरी का?"
"हो."
"कवापासून माहीत व्हतं, आई?"
मले रडूच आलं. ऐकू गेलं असन तिले. म्हन्ली, "उद्या जमते का पाहतो. ह्यायले इचारतो."

१ फेब्रु., रविवार
सकाळपासून तिचा फोन नाई. म्या बी केला नाई, नाई म्हन्ली त.
पुसदची गाडी दुपारून येते. डालं उघडलं नाई, आठही आत. पल्लवीचे बाबा म्हन्ले, "दाना त टाक." टाकला. लाडूचा डबा खाली काढून ठेवला.
कबरी आतून आरवून राह्यली. आरव म्हन्लं, आता कोनापासून लपवाचं.