नदीपलीकडच्या सैन्याची पाच पुस्तकं

करामा, दुबई
१० जानेवारी १९९१

प्रिय शुभ्रा,

तुझी पाचही पुस्तकं आणि हे पत्र घेऊन अन्वरकाका येतील. आमच्या गोदीत ड्रॉइंगच्या टेबलावर बसणारे, दर ईदला आपल्याकडे शीरखुर्मा पाठवणारे, तेच. सगळं बिऱ्हाड आवरून ते कायमचे मिरजेला चाललेत. मिरजेहून सांगली ती केवढी, पोचल्या पोचल्या आणून देतो म्हणाले. त्यांच्या बॅगेत जागा नव्हती. तरी त्यांनी आपले दोन कोट बाहेर काढले आणि तुझी पुस्तकं आत बसवली. भेटले की नीट आभार मान, आणि इंग्रजीत नको.

दिवाळीच्या आधी तू आणि आई निघालात तेव्हा विमानतळावर तू मला काय म्हणाली होतीस, आठवतं? “बाबा, द फर्स्ट वन इज सो स्लो. नथिंग हॅपन्स. यू रीड द रेस्ट अँड टेल मी इफ इट्स वर्थ इट.” वरच्या मजल्यावरच्या इंग्लिश बाई देश सोडून गेल्या तेव्हा त्यांनी तुला ही मालिका दिली होती, आणि तू ती माझ्यावर सोपवून गेलीस. कॉलेज सुटल्यापासून मी गोष्टीचं पुस्तक म्हणून हातात धरलं नव्हतं. वाटलं, पहिली पन्नास पानं चाळावीत आणि ‘नको वाचूस’ असं कळवून मोकळं व्हावं.

पहिला भाग वाचताना तुझं म्हणणं पटलंही. एवढं मोठं शहर, त्याला लागून काळी नदी, नदीवर कायम धुकं, आणि धुक्यापलीकडे म्हणे सैन्य. सैन्य काही दिसत नाही. वेरीन नावाची ती मुलगी रोज घाटावर जाऊन बघते आणि परत येते. मधे मधे लेखक गाणी घालतो, ती मी सरळ सोडली. आणि त्याने सुरुवातीला छापलेला नकाशा साफ चूक आहे. त्या नकाशाप्रमाणे नदी डोंगर चढून जाते. मी पेन्सिलीने दुरुस्त केलाय, रागावू नकोस.

दुसऱ्या भागापासून मात्र मी जरा हळू वाचायला लागलो. त्याचं कारण पुस्तकापेक्षा इथलंच असेल. तू गेलीस तेव्हा आपल्या बिल्डिंगच्या गॅलऱ्यांतून कपडे वाळत होते. आता दोनच दोऱ्या भरलेल्या असतात, त्यातली एक माझी. तुझी शाळा सुरू आहे, पण वर्गात निम्मी बाकं रिकामी असतात, असं तुझ्या मिस परवा बाजारात भेटल्या तेव्हा सांगत होत्या. बोलता बोलता त्या थांबल्या आणि मला विचारायला लागल्या, तुमच्या पोर्टवर काही ऐकू येतं का हो? सगळे मला हेच विचारतात. पोर्टवर राखाडी रंगाची परदेशी जहाजं येतात, पाणी आणि डिझेल भरतात आणि उत्तरेकडे जातात, एवढंच मला दिसतं. मी त्यांना म्हणालो, काही नाही, सगळं नॉर्मल आहे. त्या पुस्तकातला घाटावरचा पहारेकरी वेरीनला रोज हेच सांगतो.

तर सांगायचं म्हणजे, ‘नथिंग हॅपन्स’ हे तुझं निरीक्षण बरोबर आहे, पण ती तक्रार नव्हे. दुसऱ्या भागात त्या शहरात लग्न होतं. लोक जेवतात, नाचतात, आणि वाद्यं थांबली रे थांबली की सगळ्यांच्या माना एकदम नदीकडे वळतात. मग पुन्हा वाद्यं सुरू होतात. ते पान मी दोनदा वाचलं. मागच्या शुक्रवारी आपल्या मराठी मंडळींचं हळदीकुंकू आधीच उरकून घेतलं, कारण संक्रांतीला कोण असेल, कोण नसेल, कोणाला ठाऊक. बायकांनी तिळगूळ वाटला, वर विमानाचा आवाज आला आणि सगळा हॉल गप्प झाला. साधं प्रवासी विमान होतं. मग सगळ्याजणी मोठमोठ्याने हसल्या. तुझ्या लेखकाने दुबई पाहिली नसावी, पण ते हसू त्याने नेमकं लिहिलंय.

माणसं चांगली कशी होतात आणि वाईट कशी होतात, तेही त्याने छान दाखवलंय. त्या शहरातली बेकरीवाली शेजाऱ्यांपासून पीठ लपवते आणि त्याच दिवशी एका अनोळखी म्हातारीला घरात ठेवून घेते. मी इथे बकाल्यात, त्याच तुझ्या चॉकलेटच्या दुकानात, दुधाच्या पावडरीच्या शेवटच्या डब्यावरून दोन ओळखीच्या माणसांना हातघाईवर आलेलं पाहिलं. नावं सांगत नाही, तू त्यांच्या घरी वाढदिवसाला गेलेली आहेस. त्यातलाच एकजण दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन माझ्याकडे आला आणि आपल्या सगळ्या खिडक्यांवर चिकटपट्ट्यांच्या फुल्या मारून गेला. काच फुटली तर अंगावर येऊ नये म्हणून. तुझ्या खोलीत आता दुपारी भिंतीवर त्या फुल्यांच्या सावल्या पडतात. मी तिथे बसून वाचणं सोडून दिलंय.

तिसरा भाग सैन्यभरतीचा आहे. त्यातला बोलणारा पक्षी मला अजिबात आवडला नाही. घोड्यांची नावं लक्षात ठेवू नकोस, पुढे त्यांचं काही होत नाही. चौथा भाग मात्र नीट बसून वाच, आणि दिवसा वाच. त्यात शेवटी धुक्यातून नावा येतात. एकामागून एक, हळूहळू, आणि सगळ्या रिकाम्या. कोणी ओरडत नाही, बाण सुटत नाही. घाटावर उभे असलेले लोक त्या नावा मोजत राहतात. मी ते वाचलं त्या आठवड्यात आमच्याकडे बातमी आली की वर, कुवेतच्या बाजूला, समुद्रात सुरुंग मोकळे सुटलेत. दोर तुटून, पाण्यात अर्धे बुडालेले, वाऱ्याबरोबर खाली येतायत. मच्छीवाले आता उत्तरेला जात नाहीत. बाजारात सुरमई दिसत नाही.

तेव्हा माझा निर्णय असा: वाच. तिसऱ्या भागाला कंटाळलीस तर पानं गाळ, पण सोडू नकोस. हा माणूस वाचणाऱ्याला फसवत नाही. भीती दाखवून मग ‘सगळं स्वप्न होतं’ म्हणणाऱ्यांतला तो नाही. पाचव्या भागाबद्दल मला काही सांगता येणार नाही, तो वाचायला वेळ मिळाला नाही.

शुभ्रा, आई तुझ्या खांद्यावरून हे पत्र वाचायला बसली असेल, तर घोडे आणि पक्षी सुरू झाल्यावर नक्की कंटाळून उठून गेली असेल. पुस्तकांबद्दल लिहिलं ते सगळं अगदी खरं आहे, पण इतकं लांबवलं ते तिने उठून जावं म्हणूनच. पुढचं आधी तू एकटीने वाच. बहरीनच्या वर एक छोटं मालवाहू जहाज इंजिन बंद पडून वाहत चाललंय, सुरुंगांच्याच दिशेने. त्यावरची बहुतेक माणसं आपल्या कोकणातली आणि केरळातली आहेत. काल आमच्या रेडिओवर त्यांच्यातला एकजण बोलत होता. आधी इंग्रजीत व्यवस्थित सांगत होता, मग एकदम मराठीत म्हणाला, “कोणी ऐकतंय का?” मी माइक घेतला आणि म्हणालो, ऐकतोय. तो रडायला लागला. विम्याची भानगड आहे म्हणून जहाजं ओढणारा दुसरा कुठलाही टग जायला तयार नाही. आमच्या टगचा कॅप्टन हारुन तयार आहे, पण त्याचा इंजिनिअर गेल्या आठवड्यात कराचीला निघून गेला. सकाळी हारुन घरी आला, बूट न काढता दारातच उभा राहिला आणि म्हणाला, “उपेंद्रभाई, हुक्म नहीं दे रहा. पूछ रहा हूँ.” त्या जहाजावर आहे तसलं इंजिन मी कितीतरी वेळा उघडून बसवलंय. चालू करता आलं तर जहाज स्वतःच्या बळावर बाहेर येईल, नाहीतर ओढून आणायचं. मी हो म्हटलं.

आईला फोनवर सांगणार होतो. दुपारी लाइन लागलीही. तिने विचारलं, जेवलास का, आणि मला पुढे बोलताच आलं नाही. म्हणून हे तुझ्यावर टाकतोय. तू लहान आहेस, हे मला कळतं. पण घरात वाईट बातमी न घाबरता सांगणारी तूच आहेस. माझी आई गेल्याची तार आली तेव्हाही मला तूच जवळ बसवून सांगितलं होतंस. आता आईला हाक मार. मामीलाही जवळ बोलाव. आईला आधी बसव, मग सांग की बाबा बेफिकीर होऊन गेला नाही, घाबरत गेला, आणि त्याला कोणी पाठवलं नाही. ती चिडेल, तिला चिडू दे. काही दिवस माझा फोन आला नाही तर त्याचा अर्थ एवढाच समजायचा की समुद्रात फोन नसतो. त्याहून जास्त दिवस झाले तर अन्वरकाकांकडे ऑफिसचा नंबर आहे, पण तो आईने लावायचा, तू नाही. हारुन खाली गाडीत बसलाय. एरवी तो हॉर्न वाजवून सगळी गल्ली डोक्यावर घेतो. आज गप्प बसून माझं लिहून व्हायची वाट बघतोय.

तुझाच, आणि तुझ्या आईचाही,
बाबा