पोटदुखीची नोंद खोडून आजाराचे खरे नाव लिहिण्याबाबत

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी,
पंचायत समिती, जि. जालना

विषय : रजा नोंदवहीतील 'पोटदुखी' खोडून 'बायपोलर डिसऑर्डर' अशी नोंद घेणे व गुरुवार, दि. १२ डिसेंबर २०२४ ची रजा मिळणेबाबत.

संदर्भ : पोटाच्या तपासणीबाबत आपली नोटीस, दि. २ डिसेंबर २०२४.

महोदय,

मी दीपमाला मिथुन खरात, सहशिक्षिका, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, कोल्हेवस्ती. अडीच वर्षांत मी चौदा वेळा पोटदुखीची रजा घेतली, सबब पोट तपासून तंदुरुस्तीचा दाखला आणावा, तोवर रजा मंजूर होणार नाही, अशी आपली नोटीस मिळाली. तपासणी केली. पोटात काहीही नाही. या अडीच वर्षांत माझे पोट एकदाही दुखलेले नाही.

आजार दुसरा आहे. मार्च २०२२ मध्ये मला दोन तासांची झोप पुरत होती. तीन दिवसांत मी शाळेच्या सगळ्या भिंतींवर पाढे रंगविले आणि भिंती संपल्यावर शेजारच्या रायभान मामांच्या गोठ्यावर तेविसाचा पाढा लिहिला. आपल्या कार्यालयाने मला 'उपक्रमशील शिक्षिका' हे प्रमाणपत्र दिले. जूनमध्ये पाच आठवडे वेणी घालायलाही हात उचलत नव्हता, तेव्हा त्याच कार्यालयाने कामचुकारपणाचा खुलासा मागितला. दोन्ही वेळा मी आजारी होते. प्रमाणपत्राच्या वेळी जास्त.

जालन्याला सरकारी ओपीडीत मानसोपचाराच्या डॉक्टरांनी समजावले, की हा स्वभाव नाही, नाटक नाही, आजार आहे आणि तो आटोक्यात राहतो. गोळ्या, वेळेवर झोप आणि ठरल्या तारखेला रक्ततपासणी. रक्तात औषध कमी पडले तर आजार उलटतो, जास्त झाले तर बाधते. म्हणून मी तारीख चुकवत नाही; त्या चौदा रजा याच तारखांच्या.

पहिल्या अर्जात मी खरे कारण लिहिले होते. मुख्याध्यापक काकासाहेब सरांनी तो फाडला. म्हणाले, "मॅडम, असलं कागदावर आलं की जल्मभर चिकटतं. पोटदुखी लिहा, बिलकुल कोणी विचारत न्हाई." त्यांचा हेतू चांगला होता. आपल्याकडे रीतच आहे. कापूस वेचणी, कोर्टाची तारीख, मुलगी बघायला जाणे, सगळ्याला पोटदुखीच. मी मान डोलावली, ही माझी चूक.

ती चूक कोणाला भोवली ते सांगते. आमच्या शाळेत खिचडी शिजविणाऱ्या गिरिजाबाईंची मुलगी छकुली, वय १९, हिला दोन वर्षांपासून हेच होत आहे. गिरिजाबाईंनी दर चतुर्थीला राजूरच्या गणपतीची वारी केली, अंगारे लावले, पोरगी बिघडली म्हणून भावकीचे टोमणे ऐकले. मी लक्षणे ओळखली होती. बोलले नाही, कारण बोलले असते तर माझेही उघडे पडले असते. परवा शनिवारी छकुली बदनापूरच्या स्टेशनवर अनवाणी फिरताना सापडली. रविवारी मी गिरिजाबाईंना सगळे सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, "बाई, तुमाला ठावं होतं, मंग दोन वर्सं बोलल्या का न्हाई?"

महोदय, त्याच रात्री मी हा अर्ज लिहायला घेतला.

खरे नाव लिहिल्यास नोकरीवर गदा येईल असे मला कळविण्यात आले आहे. आणावी. माझ्या चौथीच्या वर्गाची तपासणी कधीही करावी, पोरे भागाकार करून दाखवतील. वेडी म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावे. चौदाही नोंदी लाल शाईने खोडाव्यात, खाली सही मी करीन.

गुरुवारी ओपीडीचा वार आहे. मी छकुलीला आणि तिच्या आईला घेऊन सकाळच्या बसने जात आहे. रजा नामंजूर झाल्यास बिनपगारी धरावी. हा अर्ज परवानगीसाठी नसून माहितीसाठी आहे, असे समजण्यास हरकत नाही.

आपली नम्र, परंतु गुरुवारी गैरहजर,

(सही)
दीपमाला मिथुन खरात
दि. ९ डिसेंबर २०२४

सोबत :
१. सोनोग्राफी अहवाल
२. मानसोपचार तज्ज्ञांचे प्रमाणपत्र
३. गिरिजाबाईंचा गुरुवारच्या सुट्टीचा अर्ज. अंगठा त्यांचा. कारण : 'मुलीला मानसोपचाराच्या डॉक्टरकडे नेणे.' पोटदुखी लिहू का असे मी विचारले होते. त्या नाही म्हणाल्या.