वळलेल्या काठाची थाळी

म्हैसूर
शनिवार, १७ जानेवारी २०२६

प्रिय कांचन,

सकाळी नऊला पाणी आलं, टाकी भरली. कपडे धुऊन वाळत टाकले. अकराला शरत गाडी घेऊन आला, त्याच्याबरोबर वाद्यांच्या दुकानात गेलो. दीडला परत आलो आणि दहीभात खाल्ला. आज एवढंच झालं.

शरत म्हणजे निनादच्या बँडमधला गिटारवाला, बूट न काढता आत यायचा तो. आता न सांगता काढतो. सगळेच माझ्याशी फार नीट वागतात, आणि त्याचाच राग येतो. पुढच्या महिन्यात ते निनादची दोन गाणी रेकॉर्ड करणार आहेत. त्याचा ड्रमसेट त्यांना हवा होता. तू अवनीच्या घरून फोनवर 'न्या' म्हणालीस. लेक पुण्यात, तू तिच्याकडे, सेट इथे माझ्यासमोर, पण मला विचारलं नाहीस. असो. अनुषा नावाची मुलगी वाजवणार आहे. सेटमध्ये झांजेसारखी एक थाळी कमी आहे, तिला चायना म्हणतात, आणि ती 'अंकलनीच' निवडायची असं त्यांनी ठरवलं. मला त्यातलं काय कळतं? पण नाही म्हटलं की हे लोक अजून गोड बोलतात, म्हणून गेलो.

मालक सत्यनारायण यांनी तीन काढून ठेवल्या. इतर थाळ्यांचा काठ सरळ उतरतो, चायनाचा शेवटी उलटा वळलेला असतो. इतर थाळ्या स्टँडवर पालथ्या बसवतात, ही बहुतेक जण उताणी बसवतात. मी काठावरून बोट फिरवलं तसे सत्यनारायण म्हणाले, "अदु हागे इरोदु सार, ती तशीच असते. एक जण तर वाकडी आहे म्हणून परत देऊन गेला!" शरत म्हणाला, "जपून हं, आमचे अंकल क्वालिटीवाले आहेत. तुमच्या अख्ख्या दुकानावर रिजेक्टचा शिक्का मारतील." दोघं खूप हसले. मीही हसलो.

पहिलीचा आवाज लगेच विझत होता. दुसरी नुसतीच कर्कश. तिसरी, अठरा इंची, पत्र्याच्या शेडवर सळ्या ओतल्यासारखी वाजली आणि माझे दात शिवशिवले. शरतला म्हटलं, ही मला सहन होत नाही. तो म्हणाला, "मग हीच घेऊ. निनाद म्हणायचा, बाबा उठून दार लावतात तोच आवाज बरोबर." ती घेतली.

गेली दोन वर्षं तू एकच गोष्ट बोलतेस. त्या सकाळी मी कामावर गेल्यावर तो काहीतरी शोधत होता, त्याने घर उलटंपालटं केलं, आणि तू चिडून म्हणालीस, 'त्या थाळ्या घे आणि दुसरीकडे राहा.' तो न जेवता ऑफिसला गेला. दुपारी केआरएस रोडवर ट्रकने त्याच्या स्कूटरला उडवलं. तू म्हणतेस, माझ्या तोंडाने मी त्याला घराबाहेर काढलं. मी 'तसं काही नाही' म्हणतो आणि फोन अवनीकडे द्यायला सांगतो. तुला वाटतं, मी समजूत घालतोय.

तो शोधत होता ती चायना होती. आदल्या आठवड्यात त्याने पहिल्या पगारातून आणली होती. तो ऑफिसात असताना मी पिशवी उघडून पाहिली. काठ वळलेला दिसला. मेटगळ्ळीच्या कारखान्यात बावीस वर्षं वाकडा भाग दिसला की मी बाजूला काढत आलो, तिथे कुणाला विचारावं लागत नाही. घरीही विचारलं नाही. दुकानात परत देऊन आलो. काउंटरवर तेव्हा दुसरा माणूस होता. आज सत्यनारायण हसले ते मला.

त्या दुपारी निनाद कारखान्याच्या गेटवर आला होता, मला विचारायला. मी सांगितलं, वाकडी होती, परत दिली. तो रागावला नाही. म्हणाला, "बाबा, तुम्ही चांगला माल रिजेक्ट केलात. कुणी उचलायच्या आत घेऊन येतो." स्कूटर चालू करता करता म्हणाला, "आईला सांगा, सकाळचं माझ्या मनात काही नाही. संध्याकाळी घरीच जेवणार. वांग्याचं भरीत कर म्हणावं." तो घर सोडून गेला नव्हता, कांचन. माझी चूक निस्तरायला गेला होता आणि घरी जेवायला येणार होता. हा निरोप मी तुला दिला नाही. दिला असता तर तो गेटवर कशाला आला होता तेही सांगावं लागलं असतं. म्हणून दोन वर्षं तुला रडू दिलं. माफी मागायला तोंड नाही. निरोप तुझा होता, तो पाठवतोय. आता गच्चीवरचे कपडे काढून आणतो.

अजून म्हणू देशील तर, तुझाच
मधू