शिलाईसकट काढलेली खोली

प्रिय राणीसरकार,

मंजुरी मिळाली! आधी एवढं वाच आणि मग निवांत बस. मागच्या अंगणात एक खोली आणि तिच्यात आपला वेगळा ओटा, याला नगरपालिकेचा शिक्का बसला एकदाचा. किती दिवसांनी आज मी पोटभर जेवलो.

माहेरी जाताना तू म्हणाली होतीस, की एका ओट्यापाशी आईशी रोज कुरबुर करणं आता जमायचं नाही. वेगळं स्वयंपाकघर होईल तेव्हाच येईन. तुझं चुकलं असं मला कधीच वाटलं नाही. तू भाजी उतरवायच्या आत आई चव न घेताच वरून मीठ टाकायची, आणि ते खायला मीच असायचो की!

नकाशा मीच काढला. शिंप्याला मापं कोण शिकवणार, असा माझा तोरा. पण हाताची सवय जाते कुठे? चारही बाजूंना शिलाईसाठी अर्धा अर्धा इंच जास्त सोडला. कागदावरचा तो अर्धा इंच जमिनीवर दोन फूट होतो, हे कचेरीतल्या साहेबांनी दाखवलं तेव्हा कळलं. आपली भिंत थेट शेजारच्या मास्तरांच्या न्हाणीघरात घुसली होती. एवढं जास्तीचं कशाला, असं साहेबांनी विचारलं, तर मी सांगून बसलो, पुढेमागे उसवून वाढवता येतं. अख्खी कचेरी हसली. मास्तर अजूनही मी दिसलो की न्हाणीघराला कडी घालतात.

नकाशा मग जाणकाराकडून काढून घेतला, पण खरी धाकधूक पुढेच होती. घर आईच्या नावावर, म्हणजे सही तिची हवी. ती नाही म्हणाली असती तर सगळंच संपलं असतं. खोली दुकानाच्या कापडासाठी आहे, अशी थाप मी तिला मारून ठेवली होती. पण नकाशात ओटा स्वच्छ दिसत होता. तिनं चष्मा लावला, त्या ओट्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, सूनबाईंनी मागितलाय का. मी हो म्हणालो. तिनं सही केली आणि कपडे वाळत घालायला निघून गेली. त्या दिवसापासून मी ताटावरून अर्धपोटीच उठत होतो.

आज मंजुरीचा कागद तिच्या हातात दिला. वाटलं, आता रडेल नाहीतर भांडेल. तर म्हणाली, "नव्या खोलीत मी जाते. मला एकटीला तो ओटा पुरे. इथलं स्वयंपाकघर तिचं." मी फोन उचलला, तर तिनं तो खाली ठेवायला लावला. फोनवर तू अर्धवट सांगतोस, तिला नीट लिही, असा हुकूम झाला. म्हणून हे पत्र. पाया खणायला अजून अवकाश आहे, पण आई आत्ताच स्वतःचे डबे फळ्यांवरून उतरवतेय आणि मध्येच मला विचारतेय, "तिचा हात वरच्या फळीला पोचतो का रे?" मला नाही माहीत गं. तू ये आणि तिला दाखव.

तुझाच,
शिंपी