मोज्यांची पिशवी

उचगाव, कोल्हापूर
१२ जानेवारी, सोमवार

आक्का,

तुला आन् दाजींस्नी माझं शरणार्थी. हितं सगळी बरी हायत. गंगीला दोन दात आल्यात, दिसंल ते चावती. तुझी म्हस व्याली का? पत्र बघून घाबरू नगंस. फोनवर बोलाय यीना, घर येवढंसं, आन् हे हितंच खाटंवर पडून हायत. दुधाच्या तानाबाई आज कागलला निघाल्यात, त्यांच्याकडं दिलंय. तुझं तूच वाच, दाजींस्नी दावू नगंस.

काल ह्यांची सायकलची रेस झाली. दोनशे किलोमीटर. डांबर न्हाय, नुसता मुरूम आन् खडी. पाटं पाचला सुटायचं, संध्याकाळी सातच्या आत यायचं. शिरोलीच्या कारखान्यात पाय गेला तवा लोक म्हणालती, रुद्रेश आता कायमचा खाटंवर. त्याच माणसानं खोट्या पायानं रेस पुरी केली बघ. सात वाजाय वीस मिन्टं कमी. सगळ्यात शेवटी आलं, पर आलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मेडल गंगीच्या पाळण्याला बांधलंय.

तुला वाटंल, मग ही रडती कशाला.

आक्का, गुडघ्याखालचा उरलेला पाय त्या खोट्या पायाच्या वाटीत बसतोय. दिवसभर राबलं की तो बारीक हुतो, वाटी ढिली पडती. मग आनि एक मोजा चढवायचा, ढिली पडली की आनि एक. न्हाईतर घासून जखम. गंगीच्या येळी मला पाचवा म्हैना हुता तवा आशीच झालती. डॉक्टर म्हणालते, पुन्यांदा चिघळली तर गुडघ्याच्या वरनं कापाय लागंल. किती येळा म्हनलं, नगा जाऊ. हे हसत्यात, "तू भिऊनच मरशील, सौंदर्या."

दुपारी बाराला वाटंतनं फोन आला. "आगं, मोज्यांची पिशवी घरातच ऱ्हायली काय, बघ की."

मी डबं वाजवलं. पांघरुणं झटकली. फोन कानालाच. म्हनलं, "न्हाय वो दिसत. आता तितंच थांबा की. गाडीत बसून या."

"थांबतोय व्हय! आर्धं झालंय. बघतो कायतरी."

कायतरी म्हंजे गंगीचं टोपडं. नशिबाला म्हणून सायकलच्या हँडलला बांधून नेलतं. ह्यांस्नी गाठ सुटंना, म्हणून गाठीसकट उपसून काढलं आन् वाटीत कोंबलं. रातच्याला आम्ही घरी आलो, ह्यांनी पाय काढला, तर टोपडं लाल. गाठ मांसात रुतल्याली. रुपयायेवढी जखम.

ती गाठ मीच मारल्याली. वाटंत सुटू नये म्हणून गाठीवर गाठ.

सकाळी शेजारची शालूबाई आली. "रेसला निघाला आन् मोजं घरात! बायकू तरी ध्यानात हाय न्हवं?" हे हसलं. म्हणालं, "मीच इसारलो, मावशी."

इसारलं न्हवतं गं. पिशवी मी काढली. चार मोजं. पिठाच्या डब्यात, पिठाच्या खाली. वाटलं, पाय ढिला झाला की थांबतील. त्यो माणूस थांबायचा न्हाय, हे मला कळाय पायजे हुतं.

आज अंगात ताप हाय. उद्या डॉक्टरकडं जायचंय. ते पयलं हेच इच्यारणार, मोजं किती घातल्यालं. हे सांगणार, इसारलो. आन् मी शेजारी पोरगी घिऊन हुबी.

मघाशी हे म्हणालं, "पुढच्या वर्साला तीनशेची हाय. मोजं तूच भर, माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाय." मी व्हय म्हनलं. दुसरं काय म्हणू?

सकाळपासनं भाकरी केली न्हाय. डब्यात हात घालवंना. हे इच्यारत्यात, आज भातच का.

उद्या पयल्या एस्टीनं ये. येताना वाईच पीठ घिऊन ये.

तुझीच,
सौंदर्या