तेहतीस सेकंदांचा प्रश्न

३ मार्च, सोमवार, संध्याकाळी ७
आज पुन्हा बुडालो. शंभर मीटर खोल होतो, इंजिन बंद, चिडीचूप. वरच्या जहाजाने डेप्थ चार्ज टाकले आणि पंधरा सेकंदांत पाणबुडीचे दोन तुकडे! शक्यच नाही. डेप्थ चार्ज म्हणजे स्फोटकं भरलेलं पिंप. युद्धातलं साधं पिंप सेकंदाला तीनेक मीटर बुडायचं. शंभर मीटरला तेहतीस सेकंद. मग माझे अठरा सेकंद खाल्ले कुणी?
गेम बनवणाऱ्या कंपनीचं काहीतरी काळंबेरं आहे.

४ मार्च
कंपनीला ईमेल केला. सात मुद्दे. भाषा सभ्य, पण त्यांना घाम फुटेल अशी.
गेमच्या फोरमवर ‘गंजका नांगर’ नावाचा एकजण म्हणतो, आधी सेटिंग्ज बघा. हा कंपनीचाच माणूस. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं. चार उत्तरं दिली.

६ मार्च
बायको आणि मुलगी स्वयंपाकघरात कुजबुजत होत्या. मी गेल्यावर गप्प. कॉम्प्युटर विकायचा बेत असणार. दाराआड थांबून ऐकलं. विषय रविवार सोळा तारखेच्या पोहण्याच्या निवड चाचणीचा निघाला. मुलगी म्हणत होती, बाबाला बोलवू नकोस, तो स्टॉपवॉच घेऊन येईल आणि पंचांशी भांडेल.
गैरसमज. मी भांडत नाही, मुद्दे मांडतो.

८ मार्च
कंपनी गप्प. आता पुरावाच देतो. जलतरण तलावाचा पंप ऑपरेटर असण्याचा काहीतरी फायदा हवाच. दुपारी एक ते तीन तलाव बंद असतो. रंगाच्या डब्यात वाळू भरून खोल बाजूला सोडला. चार मीटरला पहिल्यांदा दोन सेकंद, दुसऱ्यांदा सव्वा, तिसऱ्यांदा बटण दाबायला विसरलो. सरासरी माझ्या बाजूने.

१० मार्च, दुपारी २
डबा छोटा, म्हणून शास्त्र कच्चं. आज क्लोरीनचं रिकामं पिंप घेतलं, वाळू आणि विटांचे तुकडे भरले, काठावरून ढकललं. सोडण्याआधी फोटो काढून फोरमवर टाकला. वेग उत्तम. तळाशी ‘टक्’ असा किरकोळ आवाज. दोर बांधला होता, पिंप वर ओढून जागेवर ठेवलं.

११ मार्च
पाण्याची पातळी चार बोटं खाली. साहेबांनी मलाच तपासणी करायला सांगितली. अहवाल दिला: ‘तळाच्या तीन टाइल्स अज्ञात कारणाने फुटल्या. मूळ बांधकाम संशयास्पद.’ साहेब अहवालाकडे कमी, माझ्याकडे जास्त बघत होते. त्यांचाही टाइल्सच्या ठेकेदाराशी संबंध असावा.

१२ मार्च
तलाव रिकामा केला. निवड चाचणी गावाबाहेरच्या पंचवीस मीटरच्या तलावावर हलवली. मुलगी आठ महिने रोज पहाटे पन्नास मीटरमध्ये पोहतेय. छोट्या तलावात जास्त वळणं घ्यावी लागतात आणि तिचं वळणच कच्चं आहे. जेवली नाही.
ठेकेदाराला सोडणार नाही.

१३ मार्च
मुलीने फोन समोर धरला. फोरमवरचा माझा फोटो. तिने विचारलं, ही चार नंबरची लेन ना? मी म्हणालो, जगात लेन पुष्कळ असतात. ती म्हणाली, आणि कोपऱ्यात तुझी चप्पल?
मी म्हणालो, प्रश्न ऐतिहासिक अचूकतेचा होता. तिने आवाज चढवला नाही. नुसतं विचारलं, बाबा, माझी चाचणी कितव्या मुद्द्यात बसते?
सातही मुद्दे पुन्हा वाचले. बसत नाही.

१४ मार्च
साहेबांकडे गेलो. म्हणालो, पिंप मी टाकलं. ते म्हणाले, माहीत आहे, काठावर कॅमेरा आहे, तुम्हीच दर महिन्याला त्याची काच पुसता. चार दिवस तुमची वाट बघत होतो, म्हणाले.
हे आधी सांगितलं असतं तर अहवाल लिहायचे माझे कष्ट वाचले असते.

१६ मार्च, रविवार
चाचणीला गेलो. न बोलावता. स्टॉपवॉच घरी ठेवलं. वीस मीटरपर्यंत मुलगी सगळ्यांच्या पुढे होती. वळणावर पाय भिंतीला नीट लागला नाही. चौथी आली. तिघींची निवड झाली, ती राखीव.
पंचांचं घड्याळ मला पहिल्यापासून खटकत होतं. उठून निघालोच होतो त्यांच्याकडे. मुलगी ओल्या केसांनी समोर आली, म्हणाली, घड्याळ बरोबर होतं, बाबा. खाली बसलो.
बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली. बाकीही जागा रिकाम्या होत्या.

१९ मार्च
कंपनीचं उत्तर आलं. आभार मानलेत. म्हणे, ऐतिहासिक वेगाचा पर्याय गेममध्ये पहिल्यापासून आहे, तुम्ही तो बंद ठेवलेला दिसतो. ‘गंजका नांगर’ला कळवणार नाही.
पर्याय चालू केला. डेप्थ चार्ज पडले. मोजलं. बरोबर तेहतीस सेकंद! इतकं मन लावून मोजत होतो की पाणबुडी वळवायची राहिली. बुडालो.

२१ मार्च
बदली. बागेतल्या कारंज्याचा पंप. पाणी दीड फूट. इथल्या मुकादमाकडे साहेबांची चिठ्ठी आधीच पोचलेली. माझ्याबद्दल कान भरलेत, ही खात्रीच होती. तो हात धुवायला गेला तेव्हा वाचली. दोनच वाक्यं: ‘माणूस चांगला आहे. हातात जड काही देऊ नये.’